नानांची वहिवाट

धनावडे नानांवर मी कधी लिहीन असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्या माणसाला तळ्यात ढकललं असतं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असा रिवाज आहे. नाना गेलेले नाहीत. मुलाकडे नालासोपाऱ्याला आहेत, तब्येत ठणठणीत आहे असं कानावर येतं. तेव्हा ती अडचण नाही, जे मनात आहे ते लिहिता येईल.

माझ्या तळ्यावर येणारे पाहुणे मला विचारतात, बांधाच्या पलीकडच्या टोकाला ते लोखंडी फाटक कसलं, आणि तिथून कोण येतं-जातं. मी सांगतो, शेजाऱ्यांची वाट आहे. पाहुण्यांचं तेवढ्यावर समाधान होतं. माझं अजून झालेलं नाही.

नाना एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी जिल्ह्यातल्या आतल्या रस्त्यांवर काढली, कधी गुहागर, कधी मंडणगड, कधी जवळच्या वाड्यावस्त्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांचं उभं राहणं कंडक्टरचंच होतं. सपाट जमिनीवरही पाय फाकवून, एक खांदा कशाला तरी टेकवून उभे राहायचे, जणू जमीन आत्ता वळण घेणार आहे. अंगाने वाळकुडे, उंच, डोक्यावर पांढरे केस बारीक कापलेले. बोलताना ते तुमच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. हातात काय आहे, खिशात काय चाललंय, पिशवी कुठे ठेवलीय. गाडीत चढलेला प्रत्येक माणूस बिनतिकिटाचा आहे असं धरून ज्याने आयुष्य काढलं, त्याला खाली उतरल्यावर जग वेगळं दिसेल असं मानायचं काही कारण नाही.

वाडीत त्यांच्या संशयाच्या गोष्टी चवीने सांगत. आमच्याकडे गणपतीची मूर्ती करायला देताना आपल्या घरचा लाकडी पाट कारखान्यात नेऊन देतात. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि चतुर्थीला पाटासकट घरी येते. नाना पाट द्यायचे तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला कोयत्याने खूण करायचे. मूर्ती आणायला गेले की आधी पाट उचलायला लावून खूण बघायचे, मग काठी लावून मूर्तीची उंची बघायचे, गेल्या वर्षीएवढी आहे ना. कारखानेवाला एकदा वैतागून म्हणाला, नाना, देव काय मी बदलून दुसऱ्याला विकणार आहे? नाना म्हणाले, देव नाय बदलायचास, माती कमी घालशील.

मासळीवालीकडे तर ते जायचे तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं थांबून बघत. बांगड्याचे कल्ले उघडून बघायचे, पोट दाबून बघायचे, वास घ्यायचे, आणि एवढं करून शेवटी टोपलीच्या तळाचा मासा मागायचे. ती बाई म्हणायची, नाना, मी पण तुमच्या गाडीतनं सुट्या पैशांसाठी भांडत प्रवास केलेला हाय, मला नका शिकवू. नाना म्हणायचे, म्हणूनच तळाचा मागतो. तुला मी ओळखतो.

ते वाडीत बोलताना गावचं बोलत, पण भांडायला उभे राहिले की एकदम छापील मराठीत येत. ‘आपण’, ‘महोदय’, ‘निदर्शनास आणून देतो’. त्यांचं ‘आपण’ सुरू झालं की समोरच्याने समजून घ्यावं, आता हा माणूस तुम्हाला मधल्या स्टॉपवर उतरवणार आहे.

माझी आणि त्यांची पहिली भेट बांधावरच झाली. मी तळं बघायला आलो होतो. गणपतीपुळ्याच्या रस्त्यापासून थोडं आत, दोन डोंगरांच्या बेचक्यात एका हौशी मुंबईकराने पऱ्या अडवून हा मातीचा बांध घातला होता. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. त्याला सुट्टीत गळ टाकून बसायला आणि होडी फिरवायला तळं हवं होतं. तो वारला, वारसांना त्यात रस नव्हता. मी पोरवयात चिऱ्याच्या खाणीवर डोक्यावरून जांभा दगड वाहिला, मग स्वतःची खाण काढली, ट्रक घेतले. कुणी मला काही दिलेलं नाही. पुळ्याला येणारी गर्दी मी बघत होतो आणि मला वाटलं, दर्शन झाल्यावर माणसांना दुपार घालवायला जागा हवी असते. चार होड्या, झाडाखाली जेवण, राहायला दोन खोल्या. डिसेंबरात तळं काठोकाठ होतं, वर बगळे, कडेने झाडी. विकणारे म्हणाले, पाणी एप्रिलभर टिकतं.

मी बांधावरून चालत होतो, समोरून नाना आले. मला वरपासून खालपर्यंत बघितलं, हातांवर थांबले.

“गिऱ्हाईक की एजंट?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गिऱ्हाईक.

“पाणी एप्रिलपर्यंत राहतं असं सांगितलं असेल.”

“हो.”

“कंच्या सालच्या एप्रिलपर्यंत, ता विचारलंत काय?”

असं म्हणून ते निघून गेले. मी धंद्यातला माणूस. सौदा ठरत आला की बांधावरून चालत येऊन असं काहीतरी बोलून जाणारा माणूस नेहमी कुणीतरी पाठवलेला असतो. मला वाटलं, दुसरं गिऱ्हाईक याच्या मागे आहे. मी घाईने सौदा पुरा केला. आणि फेब्रुवारीतच तळ्याचा तळ दिसायला लागला. ज्या जांभ्यावर मी पोट भरलं, त्याच जांभ्याने माझं पाणी प्यायलं. विकणाऱ्यांनी मला फसवलं, याबद्दल माझं त्यांच्याशी आजही बोलणं नाही. पण नानांवरही माझा राग होता. माहिती होती तर धड सांगायचं होतं. असं कोडं घालून जाणारा माणूस तुमच्या भल्याचा नसतो.

त्यात मला दिसलं ते असं. बांधाच्या खाली एकटं नानांचंच घर, त्यापुढे त्यांची सुपारीची झाडं, भाताची खाचरं आणि विहीर. माझं तळं आटत होतं आणि त्यांची विहीर भरलेली होती. एप्रिलमध्ये, जेव्हा वरच्या वाडीच्या बायका टँकरची वाट बघत, तेव्हा नानांच्या विहिरीत हात घालून पाणी घेता येत होतं. बांधाच्या पायथ्याला गवतात सगळीकडे ओल होती. माझं पाणी जांभ्यातून पाझरून त्यांच्याकडे जात होतं आणि त्यांच्या सुपाऱ्या त्यावर पोसल्या जात होत्या.

मी त्यांच्याकडे गेलो. पडवीत नानी खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघ्यांनी गेलेल्या, मला बघून पदर सारखा केला आणि आत हाक मारली. नाना आले. मी सरळ मुद्द्यावर आलो. म्हटलं, तळ्याला मातीचं अस्तर घालायचं आहे, तुमचाही फायदा होतोय, तर खर्चात भागी घ्या.

नानांनी मला बसायला सांगितलं नाही. म्हणाले, “अस्तर घातल्यावर पाणी माज्याकडं येईल की थांबेल?”

“थांबेल.”

“म्हंजे माजी हीर सुकवायला मी पैसे देऊ.”

“इतकी वर्षं फुकट पाणी घेतलंत ना?”

झालं. नाना छापील मराठीत आले. “आपलं पाणी आपल्या मर्जीने माझ्याकडे येतं. मी त्याला बोलवायला गेलो नव्हतो. आपण त्याला नेऊ शकत असाल तर आपण त्याला घेऊन जावं.”

नानी खुर्चीतून म्हणाल्या, अहो, चहा तरी विचारा. नानांनी विचारला नाही, आणि मी घेतला नसता.

आता वाटेचं सांगायला हवं, कारण खरं भांडण तिथं आहे. आमच्याकडे वहिवाट हा शब्द फार जड आहे. तुमच्या जमिनीतून कुणी वर्षानुवर्षं चालत राहिला आणि तुम्ही अडवलं नाही, की ती वाट त्याची होते. म्हणून कोकणातला माणूस शेजाऱ्याला पंगतीला बसवील, पण आपल्या आवारातून सरळ जाऊ देताना दहादा विचार करील. नानांच्या घराला रस्त्यावर यायची मूळ वाट म्हणजे पाखाडी, चिऱ्याच्या पायऱ्यांची उभी चढण. बांध झाल्यावर त्यांना डोंगराच्या कडेने बांधावर येऊन सपाट चालत रस्ता गाठता यायला लागला. मुंबईकराने कधी अडवलं नाही. तो वर्षातून चार दिवस यायचा, त्याला कशाचं काय.

मी आल्यावर बघायला लागलो. नाना रोज सकाळी बांधावरून यायचे. कधी पेपर घ्यायला, कधी दूध घालायला. पण कधी काहीच काम नसायचं. बांधाच्या या टोकापर्यंत यायचे, थांबायचे, तळ्याकडे बघायचे आणि परत जायचे. काम नसताना माणूस चालतो म्हणजे तो वाट तापती ठेवतो. माझ्या वकिलांनाही तेच वाटलं. त्यांनी सल्ला दिला, पलीकडच्या टोकाला फाटक लावा, कुलूप घाला. चावी द्यायचीच असेल तर लिहून द्या की ही परवानगी आहे. परवानगीने चालणाऱ्याची वहिवाट होत नाही.

मी फाटक लावलं आणि कागद घेऊन नानांकडे गेलो. चांगल्या मनाने गेलो होतो, हे मी आजही सांगतो. एक चावी आणि एक कागद, त्यावर त्यांनी सही करायची. नानांनी कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजू वाचली, उजेडाकडे धरला.

“‘शेजारधर्म म्हणून’ असा शब्द घातलाय ह्यात,” ते म्हणाले.

“मग शेजारधर्मच आहे, नाना.”

“मला पास नको, शेठ. पासवाला कंडक्टरच्या मर्जीवर बसतो. मला तिकीट पायजे. तिकीट काढलेल्या माणसाला मधे कोण उतरवू शकत नाय.”

“तिकीट म्हणजे?”

“वाट माझी, एवढंच.”

“ते होणार नाही.”

“मग चावी घेऊन जावा.”

मी चावी घेऊन आलो. त्यानंतर नाना पाखाडीने जायला-यायला लागले. पण रोज सकाळी ते त्यांच्या बाजूने फाटकापर्यंत यायचे, गजांना हात लावून थोडा वेळ उभे राहायचे आणि परत जायचे. आमचे पाहुणे होडीतून हात करायचे, त्यांना वाटायचं गावातले आजोबा कौतुकाने बघतायत. मला माहीत होतं, हा माणूस आपल्याला अडवलं जातंय हे रोज स्वतः येऊन पक्कं करतोय. उद्या कचेरीत सांगायला.

असं ते चाललं होतं. मग तो पावसाळा आला.

लावणी आटपली होती. पाऊस काही दिवस धरून होता आणि तळं सांडव्यावरून वाहत होतं. सांडवा म्हणजे बांधाच्या टोकाशी जादा पाणी निघून जायला कोरलेली वाट. तो आमच्या रस्त्याकडच्या टोकाला आहे. त्या दुपारी गाड्या लावायच्या जागेत दरड आली होती म्हणून मी जेसीबी बोलावला होता. त्याचा चालक बाळू माती ओढत होता, मी छत्री घेऊन उभा होतो. तेवढ्यात रस्त्याने नाना आले. पाखाडी चढून, लांबून, डोक्यावर प्लास्टिक घेऊन, तरी निथळत. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली, आत तांबडं पाणी.

“आपण तलावात काय सोडलंत?” त्यांनी विचारलं.

‘आपण’ ऐकल्यावरच माझं डोकं फिरलं. मी विचारलं, काय झालं. नाना म्हणाले, बांधाखालून येणारं पाणी आजपर्यंत निवळशंख होतं, आज ते तांबडं येतंय. चिरे कापायच्या मशीनचा राडा, म्हणजे भुकटीचा गाळ, मी ट्रकने आणून तळ्यात टाकतोय, असा त्यांचा निष्कर्ष झाला होता. ही बाटली ते कलेक्टर कचेरीत नेऊन ठेवणार होते आणि त्याआधी मला सभ्यपणे कळवायला आले होते.

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. बाळूने यंत्र बंद करून ऐकलं. शेवटी मी म्हटलं, चला, दाखवा कुठे आहे राडा. मी पुढे, ते मागे, बांधावरून गेलो, मी फाटक उघडलं आणि आम्ही पायथ्याशी उतरलो.

जिथे नेहमी गवतातून नुसती ओल झिरपायची तिथे मनगटाएवढा झरा उसळत होता. तांबडा, दाट. मी हात घातला. चिऱ्याची भुकटी मी झोपेत ओळखेन. ती बोटांना खरखरीत लागते. ही मऊ होती, लोण्यासारखी. ही माझ्या बांधाची माती होती. बांध आतून वाहून चालला होता.

मी नानांकडे बघितलं. त्यांनी बाटलीतलं पाणी गवतावर ओतून टाकलं. त्यांना कळलं होतं.

माझ्याकडून चिरे घेणारे एक इंजिनियर आहेत, त्यांना मी तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, भोक बुजवायच्या नादी लागू नका, ते दुसरीकडून फुटेल. आधी तळं उतरवा, सांडवा खोल करा. बांधावरून कुणाला जाऊ देऊ नका. आणि खाली कुणी राहत असेल तर आधी बाहेर काढा.

खाली नानी होत्या.

आम्ही परत बांधावरून जायचं नाही असं ठरलं, आणि डोंगराच्या बाजूने नानांच्या घरी गेलो. बाळूला फोन करून पाखाडीने खाली बोलावलं. नानी पडवीत त्याच खुर्चीत बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांना पाय टाकता येत नव्हता हे मला माहीत होतं, पण किती येत नव्हता ते तेव्हा बघितलं. बाळूने आणि मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं आणि पाखाडी चढायला लागलो. पायऱ्यांवर शेवाळ, वरून पाणी वाहतंय. मी आयुष्यभर ओझी उचलली आहेत, पण चिरा पडला तर तुटतो एवढंच. नानी सारख्या म्हणत होत्या, मला ठेवा हितंच, माज्यासाठी कशाला. नाना मागून त्यांच्यावर छत्री धरून येत होते आणि आम्हाला सांगत होते, “डावीकडे घ्या. डावीकडे. चालू द्या, चालू द्या. थांबा.” गाडी मागे घेताना ओरडतात तसं. ते कधी थांबवतात तिकडे लक्ष लागून माझा धीर टिकला, हेही खरं.

वर रस्त्याकडेच्या ग्रामदेवतेच्या देवळात, मंडपात नानींना बसवलं आणि आम्ही सांडव्याकडे धावलो. बाळू जेसीबीवर चढला. आता खोदायचं एवढंच राहिलं, असं मला वाटलं. पण सांडवा खोल केला की एकदम येणारं पाणी पऱ्यात मावणार नव्हतं. ते उलटून बांधाच्या पायथ्याकडे गेलं असतं, जिथे आधीच माती सुटत होती. त्याला पलीकडे वाट द्यायची तर नानांच्या खाचराची मेर, म्हणजे शेताच्या कडेचा बांध, फोडायला हवी होती. पाणी त्यांच्या नव्या लावणीवरून जाणार होतं.

हे मी बोललो आणि नाना जेसीबीच्या तोंडापुढे जाऊन उभे राहिले. पाय फाकवून.

“मेर फोडायला माझी हरकत नाय,” ते म्हणाले. “वाटेचं बोला.”

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, कसली वाट.

“बांधावरची. माज्या घराची.”

मी आयुष्यभर भाव केले. समोरच्याला कधी घाई आहे, कधी घरी आजारी माणूस आहे, कधी बँकेचा माणूस दारात आहे, हे बघून मी भाव केले, मला त्याची लाज नाही, धंदा असाच चालतो. पण ज्याचं स्वतःचं घर फुटत्या बांधाखाली आहे तो माणूस उभा राहून भाव करतोय, हे मी पहिल्यांदा बघितलं. मी ओरडलो, नाना, तुमचंच घर जाईल. ते म्हणाले, “घर जाईल. बायको वर आणली. आता मला घाई नाय.”

मी म्हटलं, दिली, घ्या वाट, लिहून देतो.

“कागद नको. तुमच्या कागदाला मागची बाजू असते.”

आणि त्यांनी डोक्यावरचं प्लास्टिक काढलं, ग्रामदेवतेच्या देवळाकडे तोंड केलं आणि भर पावसात गाऱ्हाणं घातलं. “बा आई, गावच्या मायबाये, आज ह्या घटकेला ह्यो शेठ आणि मी तुज्या म्होरं उभं हाव. ही बांधावरची वाट माज्या घराची. ह्यानं अडवायची नाय, ह्याच्या मागच्यानं अडवायची नाय. जो अडवील त्याचा तू बघून घे गे आई.”

“व्हय म्हाराजा,” बाळू जेसीबीतून म्हणाला. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं ऐकलं की तोंडातून येतंच. माझ्याकडे त्याने असं बघितलं की आता तुमची पाळी.

कागदावर मी सह्या केल्या असत्या आणि वकिलाने त्या सोडवल्या असत्या. हे नानांनी ओळखलं होतं. देवीच्या नावाने तोंडातून गेलेलं सोडवणारा वकील आमच्या जिल्ह्यात नाही. तळं माझ्या मागे भरत होतं. मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

नाना बाजूला झाले. जेसीबीची वाट त्यांनी बघितली नाही. खाली जाऊन फावड्याने आपली मेर स्वतःच फोडली. बाळूने सांडवा खणला आणि माझं तळं त्यांच्या शेतावरून वाहत गेलं. काल-परवा लावलेली रोपं तांबड्या पाण्याखाली गेलेली ते बघत उभे होते आणि माझ्या पाहुण्यांच्या होड्या गाळात टेकलेल्या मी बघत उभा होतो. संध्याकाळपर्यंत झऱ्याचा जोर उतरला. बांध राहिला.

त्या वर्षी माझा हंगाम गेला, त्यांचं भात गेलं. उन्हाळ्यात मी बांधाचा तो भाग उकरून नवीन माती दाबून घेतली, खणलेला सांडवाही पहिल्यासारखा केला. वकिलांना मी हे सांगितलं तर ते हसायला लागले. म्हणाले, हे कोर्टात एक मिनिट टिकणार नाही. मी म्हटलं, कोर्टात नाहीच टिकणार. मग ते हसायचे थांबले. ते पण इथलेच आहेत.

मी नानांना चावी दिली. त्यांनी ती फाटकाला लावून, उघडून, बंद करून बघितली आणि मग घेतली. थोड्याच दिवसांत मला कळलं ती वाट कशाला हवी होती. एका सकाळी बांधावरून रिक्षा गेली, नानांच्या अंगणापर्यंत. नानींना घेऊन रत्नागिरीला डॉक्टरकडे गेली आणि दुपारी परत आली. मग महिन्यातून एखाद्या वेळी येतच राहिली. एरवी पाखाडीने नानींना वर न्यायला चार माणसं लागत, आणि वाडीत चार माणसं उरली नव्हती. जी धडधाकट ती मुंबईला. आमच्या वाडीत एखाद्याला उचलायचं झालं तर आधी फोन करून विचारावं लागतं, कोण आलंय का गावाला.

मी नानांना गाठलं. बांधावर, भर सकाळी. म्हटलं, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी वाट दिली असती.

नाना तळ्याकडे बघत म्हणाले, “दिली असतीत. आणि पुढच्या भांडणाला काढून घेतली असतीत. तुमचा राग मला माहीत हाय, शेठ. राग आल्यावर तुमी काय करता ते वाडीला माहीत हाय. तिला मी तुमच्या रागावर ठेवू?”

यावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी म्हटलं, बरं, एक सांगा. तांबडं पाणी त्याच दिवशी आलं, की आधीच दिसलं होतं तुम्हाला?

नानांनी माझ्या हातांकडे बघितलं. म्हणाले, “शेठ, माझं घर खाली होतं. मी थांबलो असतो काय?”

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी मान्य केलं असतं. पण मी त्यांच्या जागी असतो तर थांबलो असतो, एक दिवस तरी. योग्य वेळ येईपर्यंत कोण थांबतं आणि कोण नाही, हे माझ्यासारख्याला कळतं. नानांबद्दल मला आजपर्यंत कळलेलं नाही. बाटलीतलं पाणी त्यांनी ओतून टाकलं तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला होता, आणि तो मी अजून मनात उलटसुलट करून बघतो. तो माणूस घाबरला होता, एवढं खात्रीने सांगतो. पण घाबरलेला माणूस भाव करत नाही, आणि यांनी केला. तिथे माझा हिशोब अडतो.

नानींचं पुढे फारच झालं, तेव्हा मुलगा येऊन दोघांना घेऊन गेला. जायच्या दिवशी मी मुद्दाम फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. आता वाडीत त्यांचं कुणी नाही, घर बंद, तेव्हा चावी परत देतील असं मी धरून होतो. मागणार नव्हतो, पण समोर असावं म्हटलं. रिक्षा अंगणातून निघाली, नानी मागे टेकून बसलेल्या, मुलगा पुढे, आणि नाना चालत रिक्षाच्या मागे. फाटक उघडून त्यांनी रिक्षा बांधावर जाऊ दिली. नानींनी मला बघून हात जोडले. मीही जोडले. नानांनी फाटक लोटलं, कुलूप लावलं, चावी शर्टाच्या आतल्या खिशात टाकली, वर बटण लावलं.

“येतो,” ते म्हणाले.

ते रिक्षात बसले. बांध ओलांडून रिक्षा रस्त्याला लागली आणि वळणाशी थांबली. नाना उतरले आणि परत बांधावरून चालत यायला लागले, एकटेच, सावकाश. मला वाटलं, सुचलं वाटतं. मी हातसुद्धा पुढे करायच्या बेतात होतो. ते माझ्या शेजारून गेले, फाटकाशी वाकले, कुलूप हातात धरून दोनदा ओढून बघितलं. लागलेलं होतं. मग माझ्याकडे न बघता आल्या वाटेने परत गेले.